जुन्या पोर्टेबल डिस्क ड्राइव्हला जाग आणायची आहे: पट्टा, कॅपॅसिटर की केबल?

जुनीवही

नमस्कार मंडळी. मामांच्या माळ्यावरचं एक खोकं माझ्याकडे आलंय. त्यात टँडीचा टीआरएस-८० मॉडेल १०० (सेलवर चालणारा, सोबत न्यायचा जुना संगणक), त्याचा पोर्टेबल डिस्क ड्राइव्ह (लेबलवर २६-३८०८ असा क्रमांक), एक जाडजूड केबल आणि ११ डिस्क निघाल्या. मामा बातमीदार होते. दौऱ्यावर याच यंत्रावर लिहायचे. डिस्कांमध्ये त्यांच्या बातम्या आहेत आणि रोमन लिपीत टंकलेली मराठी टिपणंही आहेत, असं ते म्हणतात. कागदावर यातलं काहीच उरलेलं नाही.

मॉडेल १०० चार पेन्सिल सेलवर लगेच सुरू झाला. पडद्यावर बेसिक, टेक्स्ट, टेलकॉम, ॲड्रेस, शेड्यूल एवढी पाच नावं दिसतात आणि खाली २९६३८ बाइट्स मोकळे असा आकडा. ड्राइव्हमध्ये नवे सेल घातले तर दिवा लागतो, बाकी सगळं शांत. डिस्क फिरत नाही, आवाज नाही. मामांच्या डिस्का अजून आत घातलेल्या नाहीत, एका कोऱ्या डिस्कवर पाहिलं.

ड्राइव्ह मेला असं समजायचं का? सुरुवात कुठून करू? सोल्डरिंग थोडंफार जमतं.

चुंबकधूळ

मामांच्या डिस्का आत घातल्या नाहीत हे उत्तम केलंत. इतक्यात घालूही नका. आणखी एक करा, अकराही डिस्कांच्या कोपऱ्यातली सरकती खुंटी अशी सरकवा की भोक उघडं राहील. साडेतीन इंची डिस्कचं भोक उघडं म्हणजे लिहायला बंदी.

आणि कुतूहलापोटी यातली एकही डिस्क यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. याची मांडणी वेगळी आहे, तिथे ती वाचली जाणार नाही. संगणक विचारेल, "फॉरमॅट करू का?" चुकून हो म्हटलं गेलं की संपलं.

सोल्डरकाका

जुनीवही, तुझ्या पोस्टमध्येच अर्धं उत्तर आहे. मेनूत पाचच नावं आणि २९६३८ बाइट्स मोकळे, म्हणजे ३२ के मेमरीचं यंत्र पूर्ण रिकामं झालंय. या यंत्रात ड्राइव्हशी बोलणारा कार्यक्रम रॉममध्ये, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या कायमच्या मेमरीत, नसतो, तो मेमरीत भरून ठेवावा लागतो. टँडीच्या कार्यक्रमाचं नाव फ्लॉपी.सीओ. सेल काढून यंत्र वर्षानुवर्षं माळ्यावर पडलं, आतली छोटी बॅटरीही संपली, की मेमरी पुसली जाते.

तेव्हा ड्राइव्ह गप्प बसला यावरून तो मेला असं ठरत नाही. त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही, आणि सांगितल्याशिवाय तो मोटार फिरवत नाही.

तरीही आता लगेच सांगायला जाऊ नकोस. आधी उघड. मोटारीपासून चकतीपर्यंत एक चपटा रबरी पट्टा जातो. इतक्या वर्षांत तो धड असण्याची आशा मी धरणार नाही.

विणकाम_सुरू

काकांना अनुमोदन. हाच ड्राइव्ह ब्रदर कंपनी बनवायची आणि एफबी-१०० या नावाने विणकामाच्या यंत्रांसाठी विकायची. माझ्या केएच-९४० या विणकाम यंत्राबरोबर तोच आहे. नमुने डिस्कवर ठेवता येतात. टँडी ज्याला लेखांसाठी विकत होती, त्यावर मी स्वेटरचे नमुने साठवते!

माझा उघडला तेव्हा पट्टा नव्हताच. होता तो डांबराचा ओघळ. वयाने रबर असं वितळतं, त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही. ड्राइव्ह कपाटात बंद राहिला म्हणून ते टळतही नाही. घाईत मोटार सुरू केली असती तर ती घाण चाकाबरोबर फिरून सगळीकडे उडाली असती, डिस्क वाचणाऱ्या हेडवरसुद्धा.

बिटबिट

एक प्रामाणिक प्रश्न. एवढा खटाटोप कशासाठी? मॉडेल १०० ला सीरियल केबलने लॅपटॉप जोडा, लॅपटॉपवर लॅडी-अल्फा किंवा डीएल-प्लस हा कार्यक्रम चालवा. लॅपटॉपच ड्राइव्ह असल्याची बतावणी करतो. मॉडेल १०० ला फरक कळत नाही. पट्टा नको, हेड नको, डिस्क नको. मी तीन वर्षं असंच वापरतोय.

चुंबकधूळ

बिटबिट, रोजच्या वापराला ते उत्तमच आहे. पण मामांच्या ११ डिस्का लॅपटॉप कुठून वाचणार? बतावणी करणाऱ्या ड्राइव्हला डिस्क घालायची फटच नसते.

बिटबिट

मान्य. डिस्कांचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला. मग चुंबकीय प्रवाह जसाच्या तसा टिपणारं बोर्ड आणि साधा पीसी ड्राइव्ह घ्या. असं टिपलेलं वाचणाऱ्या फ्लक्सइंजिन या कार्यक्रमात एफबी-१०० ची मांडणी ओळखायची सोय आहे.

चुंबकधूळ

हा पर्याय मलाही आवडतो, आणि शेवटी तो हाताशी असावाच. ही मांडणी पीसीवर चालत नाही याचं कारण इथेच सांगून टाकतो, नव्यांना उपयोग होईल. एकाच बाजूवर ४० ट्रॅक (गोल पट्टे), प्रत्येक ट्रॅकवर दोनच सेक्टर (तुकडे), आणि एक सेक्टर १२८० बाइट्सचा. गुणाकार केला की १०२४०० बाइट्स. त्यात जास्तीत जास्त ४० फायली. शिवाय नोंद जुन्या एफएम पद्धतीची. पीसीचा नेहमीचा कंट्रोलर असे सेक्टर शोधतच नाही.

आज १०० केबी हसण्यावारी जातात. पण ज्याची पूर्ण मेमरी ३२ के, त्याच्या मालकाला एका डिस्कवर अख्खं यंत्र तीनदा रितं करता यायचं. त्याआधी हातात होती कॅसेट.

पाटीपेन्सिल

वाचतेय. सगळं कळत नाही, पण धागा रंगतोय. रोमनमधली मराठी टिपणं वाचायची फार उत्सुकता आहे.

जुनीवही

उघडला! विणकामताई म्हणाल्या तेच. मोटारीच्या छोट्या पुलीभोवती काळा चकचकीत थर होता. लाकडी काडीने उचलला तर त्याची तार निघाली, बोटभर लांब, आणि तुटता तुटेना. मोठ्या चाकाच्या कडेवर पट्ट्याचा एक तुकडा आकार धरून होता. चिमट्याने धरताच त्याचा चिखल झाला.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या वापरतोय. सुरुवातीच्या काड्यांनी घाण नुसती पसरली. आता नवा पट्टा कुठल्या मापाचा घ्यायचा? जुना मोजायला उरलाच नाही.

सोल्डरकाका

आधी कोरड्या काडीने खरवडून जेवढं निघेल तेवढं काढ, अल्कोहोल त्यानंतर. प्रत्येक पुसण्याला नवी काडी. छोट्या पुलीवर केसाएवढा थर राहिला तरी एका फेऱ्यात एकदा पट्टा उचलला जाईल आणि वेग डळमळेल. पुली नखाने तपास, नख कुठेही अडता कामा नये.

मापासाठी न ताणणारा दोरा घे. पट्टा जसा जातो तसा दोन्ही चाकांभोवती फिरव, जिथे भेटतो तिथे खूण कर, सरळ करून मोज. नवा पट्टा त्याहून ५ ते १० टक्के आखूड हवा. रुंदी पुलीच्या रुंदीपेक्षा किंचित कमी.

विणकाम_सुरू

जाडीकडेही लक्ष द्या, मी तिथेच फसले होते. पहिला पट्टा लांबीला बरोबर, पण जाड आला. डिस्क छान फिरायची आणि वाचन मात्र चुकायचं. दोन दिवस हेड पुसत बसले. मग कळलं की मोटारीवरची पुली एवढी लहान असते की पट्ट्याच्या जाडीनेही तिचा व्यास वाढल्यासारखा होतो. मोठ्या चाकाला तेवढ्याने फरक पडत नाही. परिणामी डिस्क हवी त्याहून जोरात फिरते. पातळ पट्टा घातला आणि त्याच संध्याकाळी नमुना उतरला.

फार घट्ट पट्टाही नको. मोटारीच्या बेअरिंगवर ताण येतो आणि सेल भराभर संपतात.

धारणशक्ती

पट्टा ठीक आहे, पण एकदा उघडलाच आहे तर आतले सगळे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलून टाका. या वयाचा कॅपॅसिटर कधी गळेल सांगता येत नाही. गळला की तांब्याच्या रेषा खातो. नंतर रडण्यापेक्षा आत्ता तासभर बसा.

सोल्डरकाका

धारणशक्ती, इथे आपलं जुळत नाही. गळत असेल तर बदलायलाच हवा, यात दुमत नाही. बुडाशी ओलसर डाग, काळवंडलेला सोल्डर, गरम केल्यावर उग्र वास, यातलं काही दिसलं तर बदल. पण सगळंच एकदम बदललं आणि ड्राइव्ह चालला नाही, तर दोष जुना की आपण घातलेला हे कसं ओळखायचं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तपासायचं. हात बसलेला नसताना जुन्या बोर्डावरचे पॅड उखडलेले मी बरेच पाहिलेत.

धारणशक्ती

काका, एका वेळी एक हे पटतं. पण "दिसलं तर" हे पुरेसं नाही. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, आणि मोटार सुरू होते त्या क्षणी पुरवठा खचतो. तेव्हा निदान मीटरवर मोजा. मोजून ठीक निघाला तर राहू द्या, माझी हरकत नाही.

सोल्डरकाका

मोजून ठरवायचं असेल तर मीही तुझ्याच बाजूचा.

दिवाबत्ती

विजेवरून एक गोष्ट कळकळीने सांगतो. या ड्राइव्हचा आणि मॉडेल १०० चा ॲडाप्टर ६ व्होल्टचा आहे, पण पिनच्या मध्यभागी ऋण आणि बाहेर धन. आज घरात पडलेले बहुतेक ॲडाप्टर याच्या नेमके उलटे. माझ्या हातून एका जुन्या रेकॉर्डरला असाच उलटा ॲडाप्टर लागला होता. धूर एकदाच आला आणि तो पुन्हा बोलला नाही. काम पूर्ण होईपर्यंत सेलच वापरा. चार पेन्सिल सेल उलटसुलट घालणं कठीण असतं.

चुंबकधूळ

मॉडेल १०० चंही पोट एकदा उघडून बघा. आत ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ती गळते. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर बॅटरी काढून टाका, जागा पातळ व्हिनेगरने पुसा, मग शुद्ध पाण्याने, शेवटी अल्कोहोलने.

शून्यएक

थोडं अवांतर. माझ्याकडे एचपी ९११४ आहे, १९८४ चा, तोही सोबत न्यायचा ड्राइव्ह, एचपी-आयएल या एचपीच्या जोडणीच्या तारेवर चालणारा. त्याची गोष्ट वेगळी. आत शिसे-आम्लाची बॅटरी, आणि बॅटरी मेलेली असेल तर नुसत्या चार्जरवर तो उभा राहत नाही. लोक चार्जर लावतात, काही होत नाही, आणि ड्राइव्ह भंगारात घालतात. बॅटरी बदलली की निम्मे तरी चालू होतात.

उरलेल्या निम्म्यांचा घोटाळा वंगणाचा. आतलं सोनीचं यंत्र मिनिटाला ६०० फेऱ्यांचं. डिस्क उचलणाऱ्या सांध्यांमधलं ग्रीस सुकून मेणासारखं होतं. बटण दाबलं की डिस्क बाहेर येऊ पाहते, पण वरचं हेड पुरतं उचललेलं नसतं आणि ते डिस्कच्या पत्र्यात अडकतं. अशा वेळी ज्याने डिस्क ओढली त्याने हेड गमावलं. कुठलाही जुना ड्राइव्ह डिस्क सोडत नसेल तर झाकण काढा, सांधे मोकळे करा, मगच डिस्क काढा.

विणकाम_सुरू

शून्यएक, हे अवांतर नाही, यानेच कुणाचा तरी ड्राइव्ह वाचेल. एफबी-१०० एकाच बाजूने वाचतो, म्हणून त्याला वरच्या बाजूला हेड नसतं. तिथे नमद्याची छोटी गादी असते, डिस्कला हेडवर दाबून धरणारी. जुनीवही, ती जागेवर आहे का बघा. डिंक सुकला की ती पडते. आणि हेड पुसताना वरचा दांडा अगदी थोडाच उचला, त्याची स्प्रिंग नाजूक आहे.

जुनीवही

गादी जागेवर आहे, थोडी काळी पडली आहे. कॅपॅसिटर मोजले, सगळे ठीक निघाले, त्यांना हात लावला नाही. नवा पट्टा बसवला. चाक बोटाने फिरवलं तर मोटारही अलगद फिरते.

पण ड्राइव्ह अजून गप्पच! चुंबकधूळ यांनी खासगी निरोपात सांगितलं तसं मॉडेल १०० बाजूला ठेवून ड्राइव्ह थेट लॅपटॉपला जोडला. मूळ केबल, त्यापुढे २५ पिनांचा ९ पिनांत बदलणारा जोड, मग यूएसबी-सीरियल. वेग १९२०० बॉड. आज्ञा पाठवली की उत्तर नाही. केबल मीटरवर तपासली तर कुठलीच तार सलग लागत नाही. सगळ्या एकदम कशा तुटल्या?

बिटबिट

नल मोडेम जोड (पाठवायची आणि घ्यायची तार अदलाबदल करणारा) मध्ये घालून बघा.

चुंबकधूळ

इथे नल मोडेम नको. लॅपटॉपने ड्राइव्हची बतावणी करायची असेल तेव्हा तो लागतो, कारण दोन संगणक समोरासमोर येतात. खऱ्या ड्राइव्हची केबल मूळचीच संगणकाला जोडण्यासाठी बनलेली आहे, तिला साधा जोड पुरतो. मात्र हार्डवेअर हँडशेक, म्हणजे 'पाठवू का, पाठव' असं वेगळ्या तारांवरून विचारणं (आरटीएस-सीटीएस), चालू ठेवा.

सोल्डरकाका

जुनीवही, तारा तुटलेल्या नाहीत. केबलच्या २५ पिनांच्या टोकाचं कवच एवढं जाड का, याचा विचार कर. त्यात छोटं सर्किट आहे. ड्राइव्हची बाजू ५ व्होल्टच्या पातळीवर बोलते आणि मॉडेल १०० आरएस-२३२ च्या धन-ऋण पातळीवर. या दोघांमधला दुभाष्या त्या कवचात बसलाय. म्हणून मीटरची शिट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजणारच नाही. हेच न कळल्यामुळे कित्येकांनी चांगल्या केबली फेकल्या आणि साधी तार करून थेट जोडली. त्याने ड्राइव्ह जाऊ शकतो.

कवच उघड. ड्राइव्हच्या प्लगपासून आतल्या बोर्डापर्यंत प्रत्येक तार वेगळी तपास. तपासताना केबल मानेजवळ वाकवत राहा.

जुनीवही

काका, सापडलं! ड्राइव्हच्या प्लगपासून दोन बोटांवर, मानेजवळ, एक तार आतल्या आत तुटली होती. बाहेरचं आवरण शाबूत असल्यामुळे दिसत नव्हती. सरळ धरली की शिट्टी वाजते, वाकवली की बंद. तेवढा भाग कापून पुन्हा जोडला.

आणि ड्राइव्ह बोलला. आधी एक टक्, मग पट्ट्याचा सूं आवाज, मग हेड सरकतानाची बारीक खरखर. कोऱ्या डिस्कला फॉरमॅट करायला सांगितलं, केलं. फाइल लिहिली, परत वाचली, जशीच्या तशी आली. रात्रीचा दीड वाजला होता. मामांना उठवून सांगितलं.

पाटीपेन्सिल

अभिनंदन! दीड वाजता मामा काय म्हणाले?

जुनीवही

"आता चहा टाक" म्हणाले आणि येऊन शेजारी बसले.

चुंबकधूळ

मस्त! आता घाई नको. प्रत्येक डिस्क घालण्याआधी पत्र्याची खिडकी सरकवून चकती हळूहळू फिरवून बघा. पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. तशी डिस्क शेवटी ठेवा. प्रत्येक डिस्कनंतर हेड पुसा, आणि काडीवर तपकिरी रंग आला तर थांबा, कारण डिस्कचा लेप निघतोय. फायली एकेक उतरवण्याऐवजी अख्ख्या डिस्कची सेक्टरवार प्रत आधी घ्या. डिस्क दुसऱ्या वेळी वाचली जाईलच असं नाही.

कोऱ्या डिस्का शोधताना ७२० केबीच्या घ्या. १.४४ एमबीच्या डिस्कचं क्षमता ओळखण्याचं जादाचं भोक चिकटपट्टीने झाकून भागत नाही. तिच्या लेपाला लिहायला जास्त जोर लागतो, या ड्राइव्हचं हेड तेवढा लावत नाही. आज लिहिलेलं महिन्याने गायब व्हायचं.

जुनीवही

सविस्तर खबर देतो. ११ पैकी ९ डिस्का पूर्ण उतरल्या. फायलींची नावं सहा अक्षरांची, पुढे .डीओ. मामांना काही नावं बघूनच आठवलं, काहींसमोर बराच वेळ गप्प बसले. टिपणांत एका फायलीत नुसती माणसांची नावं आणि त्यांच्यासमोर एकेक ओळ: कोण हळू बोलतं, कुणाला नावानिशी छापलेलं चालणार नाही, कुणाची मुलगी परीक्षेला बसली होती. "पुन्हा भेटल्यावर विचारायचं असायचं," मामा म्हणाले.

दहाव्या डिस्कवर एक गोल ओरखडा आहे. ती मी फिरवलेली नाही. अकरावी दिसायला स्वच्छ आहे, फिरतेही छान, पण एकही सेक्टर वाचला जात नाही. प्रत्येक ठिकाणी चूक. हेड पुसून पुन्हा पाहिलं, तेच. आधीच्या नऊ डिस्का अजून नीट वाचल्या जातात, म्हणजे ड्राइव्ह ठीक असावा.

सोल्डरकाका

मामांना विचार, शेवटी शेवटी दुसरा ड्राइव्ह वापरला होता का? टँडीने नंतर २६-३८१४ काढला, पोर्टेबल डिस्क ड्राइव्ह २, त्यावर २०० केबी मावायचे. त्याची डिस्क तुझ्या पहिल्या ड्राइव्हला वाचता येत नाही.

जुनीवही

विचारलं. कचेरीतल्या सहकाऱ्याकडे नवा ड्राइव्ह होता आणि शेवटचं वर्षभर दोघं तोच वापरायचे, असं म्हणाले. अकराव्या डिस्कच्या लेबलवरचं अक्षरही मामांचं नाही, त्या सहकाऱ्याचं आहे!

शून्यएक

माझ्याकडे दुसऱ्या पिढीचा ड्राइव्ह आहे, पट्टा गेल्या वर्षीच बदललाय. अकरावी डिस्क टपालाने पाठवण्यापेक्षा मी ड्राइव्हच तुमच्याकडे पाठवतो. तो हरवला तर दुसरा मिळेल. पत्ता खासगी निरोपात द्या.

चुंबकधूळ

आणि ओरखडा असलेली दहावी कुठल्याच ड्राइव्हमध्ये घालू नका. हेडही जाईल. तिच्यासाठी माझ्याकडे प्रवाह टिपणारं बोर्ड आणि एक बळी द्यायला ठेवलेला पीसी ड्राइव्ह आहे. ओरखडा कितव्या ट्रॅकवर येतो ते मोजू, आणि हेड तिथवर न नेता बाकीचे ट्रॅक वाचून घेऊ. ओरखडा कडेपासून किती आत आहे? एक नीट फोटो टाका, शेजारी मोजपट्टी ठेवून.

जुनीवही

मोजपट्टी शोधतोय. उजेडात फोटो काढून सकाळी टाकतो.